चाकूरच्या स्टँडवरची बाळंतीण

१

नांदेडहून लातूरला निघालेली सकाळची एसटी चाकूरच्या स्टँडला लागली. माणसं उतरली, चढली, पण खिडकीशी बसलेली बाई काही हलली नाही. कंडक्टरनं दोनदा हाक मारली. मग त्यानं सीटवर थाप मारली, तेव्हा बाईची मान एका बाजूला कलली आणि शालीखालून पसरलेला ओला डाग त्याला दिसला. बाई जिवंत होती, पण जेमतेम. पोट नुकतंच फाडून शिवलेलं. जवळ पिशवी नाही, तिकीट नाही, आणि बाळही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉ. बुद्धप्रिया गजभारे लातूरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात तिच्या खाटेपाशी उभी होती. बुद्धप्रिया नांदेड जिल्ह्याच्या आरोग्य विभागात होती. बाळंतपणात बाई दगावली, की ती का दगावली हे शोधून काढायचं काम तिचं. आजवर तिला बोलावणं यायचं ते सगळं संपल्यावर. या वेळी बाई अजून श्वास घेत होती.

"तुमच्याकडूनच आलीय, प्रिया," डॉ. शिवांगी बिराजदार म्हणाली. दोघी एका वर्गातल्या. शिवांगी इथल्या प्रसूती विभागात होती. "सिझर नीट झालंय, टाके चांगल्या हातानं घातलेत. पण कुणी घातले, त्यानंतर काय झालं, काय दिलं, काही कळायला मार्ग नाही. ताप आहे, बीपी टिकत नाही, डोळे पिवळे. लघवी जवळजवळ बंद, आली ती कोऱ्या चहासारखी. मला वाटतं पोटात पू झालाय. संध्याकाळी पोट उघडायचं म्हणते."

"उघडल्यावर तगेल?"

"पू असेल आणि उघडलं नाही, तर जाईलच. पू नसेल आणि उघडलं, तरी जाईल. म्हणून तुला बोलावलं. संध्याकाळपर्यंत मला एवढंच सांग, तिला झालं काय होतं."

तेवढ्यात वॉर्डातली सिस्टर आली. "मॅडम, रक्तपेढीचा परत फोन होता. गट लागत नाही म्हणतात. नमुना मिसळलाय, पुन्हा पाठवा म्हणे."

"काल आल्या आल्या घेतलेला नमुना होता, आपण रक्त चढवायच्या आधीचा. तोही मिसळला, आजचाही मिसळला?" शिवांगी वैतागली. "ओ गटाचंच देत राहा. आणि पुन्हा पाठवा."

खाटेच्या पायथ्याशी चाकूर ठाण्याचे हवालदार नरसिंग उभे होते. अनोळखी बाई म्हणून नोंद त्यांच्याकडं झाली होती. "बंजाऱ्याची हाय मॅडम," ते म्हणाले. "गळ्यातली माळ बघा. ऊसतोडीच्या टोळीतली असंल. पोरगी झाली म्हणून टाकून निघाली असंल घरी."

"पोट फाडलेली बाई दुसऱ्या दिवशी उठून एकटी एसटीत बसेल का, हवालदार?"

नरसिंगांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

बुद्धप्रियानं बाईचा हात हातात घेतला. मनगटावर चिकटपट्टीचा फिकट पट्टा होता. दवाखान्यात नावाची पट्टी बांधतात, तिथली. कुणीतरी ती काढून टाकली होती. बोटांच्या टोकांना, नखांच्या कडेला काळपट डाग होते. सिस्टर म्हणाली, स्पिरिटनं पुसले तरी निघत नाहीत. गळ्यात बारीक हिरव्या मण्यांचे कितीतरी सर होते, एकत्र वळलेले.

"काही बोलते?"

"मधूनच नानी, नानी करते. आजीला बोलावत असेल."

बुद्धप्रिया थबकली. तिच्या कॉलेजच्या वसतिगृहाचा गुरखा आपल्या रांगत्या पोरीला 'नानी' म्हणून हाक मारायचा. पोरगी एवढीशी आणि हाक आजीची, म्हणून सगळ्या मुली हसायच्या. एकदा बुद्धप्रियानं त्याला विचारलंच होतं.

"ती आजीला नाही बोलावत," ती म्हणाली. "नेपाळी बाई आहे ही. ही हिरवी पोतही त्यांच्याकडच्या लग्न झालेल्या बायका घालतात. बाळाला बोलावतीये."

२

जीप चाकूरकडं निघाली, तेव्हा नरसिंग शेजारी बसले होते. त्यांनी आपणहूनच ठाण्यात फोन करून परवानगी काढली होती.

"नेपाळी म्हणजे गाड्यावर नूडल विकणारे ना मॅडम? नांदेडात लई हायत. कुठं कुठं हुडकावं?"

"गाड्यावरची पोरं एकेकटी असतात, चारपाच जण मिळून एका खोलीत. बायको आणायची तर कामाच्या जागीच खोली मिळावी लागते. म्हणजे राखणदारी. आणि तिच्या बोटांवरचे डाग बघितलेत तुम्ही?"

"मला वाटलं मेंदी."

"मेंदी लाल असते. हा केळीचा चीक आहे. एकदा लागला की कातडी झडेपर्यंत जात नाही."

नरसिंगांनी मान डोलावली. केळी आणि नांदेड म्हटल्यावर पुढचं गाव सांगायची गरज नव्हती.

पण आधी चाकूर. कालचा कंडक्टर त्याच फेरीला होता, आणि गाडी स्टँडवर थांबलेली होती. माणूस घाबरलेला होता. आपल्यावर काही येतंय की काय, ही धास्ती त्याच्या तोंडावर दिसत होती.

"एकटी नव्हती ती," तो म्हणाला. "एक पोरगी होती संगं. तोंडाला ओढणी बांधलेली. बहीण आजारी हाय, लातूरला नेऊन राहिले म्हणली. दोन तिकिटं तिनंच काढली. अहमदपूरला पाणी आणते म्हणून उतरली, ती आलीच न्हाई. मी थांबलो, शिट्ट्या मारल्या. किती थांबावं?"

"गाडीत काय करत होती?"

"काय करणार? हात धरून बसली होती बहिणीचा. सारखी घड्याळाकडं बघून राहिली होती. मला वाटलं, उशीर होतोय म्हणून."

"हात कुठं धरला होता?"

कंडक्टरनं आपलं मनगट धरून दाखवलं, अंगठ्याच्या बाजूनं.

"ॲम्ब्युलन्स तुम्ही बोलावलीत?"

"तेच तर नवल हाय मॅडम. आम्ही स्टँडात शिरलो, तर ॲम्ब्युलन्स आधीच उभी होती."

एकशेआठच्या गाडीवरच्या डॉक्टरला बुद्धप्रियानं तिथूनच फोन लावला. त्याला आठवत होतं. फोन एका मुलीचा होता, नाव सांगितलं नव्हतं. नांदेडच्या गाडीत बाळंतीण आहे, रक्तस्राव झालाय, बीपी लागत नाहीये, चाकूरला उतरवून घ्या, एवढं बोलून तिनं फोन ठेवला होता.

"बीपी लागत नाही," जीपमध्ये बसता बसता बुद्धप्रिया म्हणाली. "हे घरचं माणूस असं बोलतं का, हवालदार? घरचं माणूस म्हणेल, बेशुद्ध पडलीय, अंग गार पडलंय. आणि घड्याळाकडं बघत मनगट धरणारी, ती वेळ नव्हती बघत. नाडी मोजत होती."

"म्हंजे नर्स?"

"नर्स. जिनं तिला टाकलं, तिनंच तिला वाचवायला माणसं बोलावली. दोन्ही एकाच बाईनं का करावं, ते मला कळत नाहीये."

३

अर्धापूरच्या अलीकडंच केळी पिकवायच्या थंड खोल्यांची ओळ आहे. चौथ्या ठिकाणी विचारल्यावर मालकाचा चेहरा उतरला. मालकाचं नाव शिवप्रसाद. पोलिसाची वर्दी बघून त्यांनी आधी खुर्च्या मागवल्या, मग चहा, आणि मग पुन्हा खुर्च्या.

"आमच्या टेकबहादूरची बायको, मनमाया. लई चांगली माणसं. तो राखण करतो, ती घडांचे कॅरेट भरते. कागदपत्रं नाहीत त्यांच्याकडं, हे मी कबूल करतो. पण कामाला माणूस मिळत नाही मॅडम, आणि नेपाळला जायला-यायला आपल्याला तरी कुठं कागद लागतो?"

"कागदाचं विचारायला नाही आले मी. बाळंतपण कुठं झालं?"

"नांदेडला. पयस्विनी मातृसदनात. गाडी मीच दिली, डॉक्टर मल्लिकार्जुन आमच्या ओळखीचे. आधी एका ठिकाणी नेली होती तपासायला, तिथं म्हणले आधार कार्ड आणा, मग नाव घेऊ. ती परत गेलीच नाही. दिवस भरल्यावर कळा सुरू झाल्या, तेव्हा मीच म्हणलं, चला."

म्हणजे नऊ महिन्यांत या बाईला कुणी एकदासुद्धा हात लावून तपासलं नव्हतं. गावात घरोघरी फिरून गरोदर बायकांची नावं घेणाऱ्या आशाताई बुद्धप्रियाच्याच विभागाच्या. पण या पत्र्याच्या खोल्यांना घर कोण म्हणणार? जी बाई मोजलीच गेली नाही, ती हरवली तरी कुणाला कळणार नव्हतं. बुद्धप्रियाला स्वतःचा राग आला, आणि तो बोलून दाखवायला तिथं कुणी नव्हतं.

"टेकबहादूर कुठाय?"

"दवाखान्यातच. बायकोपाशी. काल संध्याकाळी फोन आला होता त्याचा. मुलगी झाली, बाळ चांगलं हाय, मनमाया वरच्या मजल्यावर मशीनवर हाय म्हणला."

नरसिंगांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला.

"काल संध्याकाळी?" बुद्धप्रियानं विचारलं.

"हाव. का?"

काल संध्याकाळी मनमाया लातूरला होती.

४

पयस्विनी मातृसदन ही नांदेडातली नव्यानं रंग दिलेली इमारत. दर्शनी भागावर मोठा फलक, 'लवकरच, पयस्विनी नर्सिंग कॉलेज'. स्वागताच्या टेबलामागून तिशीचा, कडक इस्त्रीचा तरुण उठून पुढं आला. हा रुद्रेश, डॉ. मल्लिकार्जुनांचा मुलगा. तो डॉक्टर नव्हता, दवाखान्याचा कारभार बघायचा. बुद्धप्रियानं ओळख देऊन मनमायाचं विचारलं.

"ती नेपाळी पेशंट ना? फार वाईट वाटलं मॅडम. परवा दुपारी सिझर झालं, बाबांनीच केलं, सगळं व्यवस्थित. काल पहाटे तिची कोण बहीण आली आणि आम्ही नको म्हणत असताना घेऊन गेली. ही बाहेरची माणसं ऐकत नाहीत. बाळ मात्र आमच्याकडं सुखरूप आहे."

"आणि नवरा?"

"तोही गेला असेल तिच्यामागं."

बुद्धप्रियानं काचेतून बाहेर पाहिलं. आवारातल्या कडुनिंबाखाली एक बुटका, रुंद खांद्यांचा माणूस उकिडवा बसला होता. शेजारी जेवणाचा डबा. तो मान वर करून वरच्या मजल्याच्या खिडक्यांकडं बघत होता.

ती बाहेर गेली. तो उठून उभा राहिला.

"टेकबहादूर?"

"जी मॅडम."

"मनमाया कुठाय?"

"ऊपर. मशीन पे." तो मराठी-हिंदी मिसळून बोलत होता. "मिलने नहीं देते. छोटे साहब बोले, इन्फेक्शन होईल. मैं रोज डबा आणतो. सिस्टर लोग को देता हूँ. कल डबा वापस आया, वैसा का वैसा."

"तुझी मेहुणी आली होती? मनमायाची बहीण?"

त्याला प्रश्नच कळला नाही. "उसकी बहन नहीं है. कोई नहीं है इधर."

बुद्धप्रिया वळली आणि थेट जिन्याकडं निघाली. मागून रुद्रेशनं हाक मारली, वर काम चालू आहे, जाऊ नका, म्हणाला. नरसिंग त्याच्या आणि जिन्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

वरच्या मजल्यावर सिमेंटचा वास होता. फरशीच्या थप्प्या, रंगाचे डबे, गुंडाळलेल्या वायरी. दोन गवंडी जेवायला बसले होते. खाट नव्हती, मशीन नव्हतं. तिथं कधी पेशंट ठेवलाच गेला नव्हता.

५

उतरताना तिला खाली कॉटपाशी बसलेल्या म्हातारीनं अडवलं. कोंडाबाई तिचं नाव. सुनेचं सिझर उद्यावर होतं.

"तुम्ही सरकारच्या डॉक्टरीणबाई का? मग माझं गाऱ्हाणं ऐका. सुनंच्या अंगात रक्त कमी हाय म्हणून आम्ही बाटली आणून ठेवली होती. माझ्या लेकाचं बी रक्त घेतलं बदल्यात. आता म्हणून राहिले, दुसरी आणा."

"आधीची कुठं गेली?"

"फुटली म्हणे. हातातून पडली अन् फुटली."

"कोण म्हणालं असं?"

"ते काय, साहेब. डॉक्टरांचं पोरगं."

बुद्धप्रिया तिथंच बाकावर बसली. "आजी, सुनेचा गट कुठला?"

"ए हाय. ए का काय ते. लेकानं मला पाठ करून घेतलंय, कुणी विचारलं तर सांगाय."

बुद्धप्रियाच्या डोक्यात सकाळपासून सुटे पडलेले तुकडे एकामागून एक बसू लागले. कोऱ्या चहासारखी लघवी. पिवळे डोळे. ताप. आणि रक्तपेढीचा तो फोन. नमुना मिसळलाय, गट लागत नाही. बाहेर उजेड उतरायला लागला होता. शिवांगीनं आतापर्यंत शस्त्रक्रियेची खोली तयार करायला सांगितली असणार.

तिनं फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला.

"बोल लवकर," शिवांगीचा आवाज आला. "टेबलवर घेतेय."

"घेऊ नकोस. शिवांगी, काल आल्या आल्या घेतलेल्या नमुन्यात रक्तपेढीला काय दिसलं? बहुतेक पेशी ओ आणि थोड्या ए, असंच ना?"

"थांब." पलीकडं पावलं, कुणाशी तरी बोलणं. मग, "हो. म्हणूनच मिसळलाय म्हणतात ते. का?"

"नमुना नाही मिसळला. तिच्या अंगातच दोन गट आहेत. ती ओ आहे, आणि तिला इथं ए गटाचं रक्त चढवलंय. तुमच्याकडं यायच्या आधी. पू नाहीये पोटात. फुटलेल्या रक्तपेशींनी मूत्रपिंडं बंद पडलीत."

मग शिवांगी कुणाला तरी म्हणाली, "टेबल नको. डायलिसिसवाल्यांना बोलवा. आत्ता." आणि फोनवर, "तुला खात्री आहे, प्रिया?"

"तर्काची आहे. डोळ्यांनी बघितलेलं माणूस अजून सापडायचंय. थोड्या वेळात सांगते."

६

नर्सच्या टेबलाशी एक मुलगी सलाइनच्या बाटल्या मांडत होती. ओढणी खांद्यावर होती. शेजारी जर्मन भाषेचं पुस्तक उघडं पडलेलं. लातूरला, नांदेडला आता असे वर्ग निघालेत. नर्सिंग झालेल्या मुली भाषा शिकतात आणि तिकडच्या दवाखान्यांत जातात. नावाची पाटी होती, स्वप्नाली.

बुद्धप्रियानं खुर्ची ओढली. "गाव कुठलं तुझं?"

"चाकूर."

"अहमदपूरला उतरलीस, मग घरी गेलीस की परत आलीस?"

स्वप्नालीचा हात बाटलीवरच थांबला. ती खोटं बोलेल, असं बुद्धप्रियाला वाटलं होतं. तिनं फक्त विचारलं, "जिवंत आहे?"

"आहे. किती वेळ, ते तुझ्यावर आहे. तिला कुठलं रक्त दिलं?"

"ए." तिनं बाटली खाली ठेवली. "थोडंसंच गेलं. तिला थंडी भरली, कंबर दुखतेय म्हणाली, तशी मी बंद केलं."

बुद्धप्रियानं तिथल्या तिथं लातूरला दोन शब्द कळवले, 'बरोबर होतं', आणि फोन खाली ठेवला. "आता पहिल्यापासून सांग."

सिझर झाल्यावर मोठे डॉक्टर हैदराबादला निघून गेले. संध्याकाळी मनमायाला रक्तस्राव सुरू झाला. डॉक्टरांचा फोन लागेना. दुसरा डॉक्टर दवाखान्यात नव्हता. रुद्रेश म्हणाला, फ्रिजमध्ये पिशवी आहे ना, ती लाव.

"मी म्हणलं, ती दुसऱ्या पेशंटची आहे, जुळवून बघितलेली नाही. तर म्हणाले, ही वाचली तर कोण विचारणार आहे, आणि गेली तरी कोण विचारणार आहे. मी लावली, मॅडम. माझ्या हातानं लावली."

पहाटे रुद्रेशनं ड्रायव्हरला गाडी काढायला लावली. रेल्वे स्टेशनवर सोडून ये, जनरलच्या डब्यात बसवून दे, कुठून आली कुणाला कळणार नाही, असं स्वप्नालीला सांगितलं. आणि हेही सांगितलं, की तुझा अनुभवाचा दाखला अजून सही व्हायचाय. त्या दाखल्याशिवाय जर्मनीची वाट बंद होती.

"स्टेशनवर मी ड्रायव्हरला परत पाठवलं. रिक्षा करून तिला सरकारी दवाखान्याच्या दारापर्यंत नेलं. तिथं माझ्या वर्गातल्या तिघी आहेत. त्या विचारतील, कुठून आणलीस. आत जायचं धाडस झालं नाही. मग एसटीत बसवलं."

"दारापर्यंत नेलीस आणि तिथून वळलीस." बुद्धप्रियाचा आवाज चढला नाही. "तिथून चाकूरपर्यंत गेलेला वेळ तिच्या अंगावर गेलाय, स्वप्नाली. तू ॲम्ब्युलन्स बोलावलीस हे मी लिहीन. दारातून वळलीस हेही लिहीन."

स्वप्नालीनं मान हलवली. "लिहा. मी सही करते."

७

हैदराबादहून सकाळीच परतलेले डॉ. मल्लिकार्जुन ओपीडी सोडून आले, तेव्हा त्यांच्या खोलीत सगळे जमले होते. पांढऱ्या केसांचा, थकलेला माणूस. ते उभ्या उभ्याच म्हणाले, "सापडली का ती? टाके काढायला तरी आणा तिला. असं अर्ध्यातून कुणी नेतं का पेशंटला?"

रुद्रेशनं घाई केली. "बाबा, या नर्सनं कबूल केलंय. हिनंच चुकीची पिशवी लावली, हिनंच घाबरून बाई बाहेर नेली. मला आत्ता कळतंय."

"तुम्हाला आत्ता कळतंय," बुद्धप्रिया म्हणाली, "मग टेकबहादूरला दोन दिवस वरच्या मजल्याचं कोण सांगत होतं? मनमायाची बहीण घेऊन गेली असं तुम्ही मला सांगितलंत. तिला बहीणच नाही. नर्सला हे दडवायचं असतं, तर तिनं चाकूरला ॲम्ब्युलन्स बोलावली नसती. आणि एक सांगा. कोंडाबाईंना पिशवीचं काय झालं म्हणून सांगितलंत?"

दारात उभ्या कोंडाबाईंनीच उत्तर दिलं, "फुटली म्हणले की."

डॉ. मल्लिकार्जुनांनी मुलाकडं पाहिलं. "फुटली?"

"रक्त प्लास्टिकच्या पिशवीत येतं, डॉक्टर," बुद्धप्रिया म्हणाली. "खाली पडलं म्हणून फुटत नाही. नर्सला खोटं बोलायचं असतं तर ती म्हणाली असती, गरम झालं, मुदत संपली, गुठळी झाली. फुटली असं तोच म्हणेल, ज्याला ही पिशवी कधी हाताळावी लागली नाही. ज्याचा कुणी पेशंट नाही. तुमच्या दवाखान्यात असा माणूस एकच आहे, आणि त्या संध्याकाळी इथं हुकूम देणाराही तोच होता. कारण तुम्ही नव्हता."

शेवटचं वाक्य म्हाताऱ्याला लागलं.

"कॉलेजची तपासणी होती पुढच्या आठवड्यात," रुद्रेश बापाला म्हणाला. तो आता बाकीच्यांकडं बघतच नव्हता. "इथं बाई गेली असती तर मान्यता अडकली असती. तुम्हीच म्हणत होता, एवढं वर्ष नीट काढ."

"मी असं म्हणालो नव्हतो," डॉ. मल्लिकार्जुन म्हणाले. मग बुद्धप्रियाकडं वळून म्हणाले, "मी तिला सोडून गेलो, हे मात्र खरं आहे. माझंही नाव लिहा, मॅडम."

नरसिंगांनी नांदेडच्या ठाण्याला फोन लावला. आवारातल्या झाडाखाली टेकबहादूर अजून बसलेला होता. त्याला हे सगळं सांगायचं काम बुद्धप्रियानं दुसऱ्या कुणावर टाकलं नाही. त्यानं ऐकलं, डबा उचलला आणि म्हणाला, "लातूर का गाड़ी कब है?"

"गाडी माझी आहे," ती म्हणाली. "आधी बाळ घेऊ."

बाळ इथल्याच नर्सच्या हाती लातूरपर्यंत पाठवायला बुद्धप्रिया तयार नव्हती. तिनं सरकारी दवाखान्यातून नवजात बाळांची ॲम्ब्युलन्स मागवली, आणि टेकबहादूरला त्या गाडीत मुलीशेजारी बसवलं.

८

मनमायाची मूत्रपिंडं हळूहळू, कुरकुरत सुरू झाली. कितीतरी दिवस ती मशीन आणि खाट यांच्यामध्ये ये-जा करत राहिली. शिवांगी म्हणायची, त्या संध्याकाळी मी तिचं पोट उघडलं असतं तर आज हे बोलणं झालं नसतं. रुद्रेश कोठडीत होता, दवाखान्याला टाळं होतं. स्वप्नालीचा जबाब झाला होता. दाखला आता कोण देणार, हे तिनं विचारलं नाही. ती जर्मनच्या वर्गाला जाते की नाही, हे बुद्धप्रियाला माहीत नव्हतं.

मनमाया बसून बोलायला लागली, तेव्हा नरसिंग तिचा जबाब घ्यायला आले. बुद्धप्रिया खाटेशेजारी बसली होती. मुलगी आईच्या कुशीत झोपलेली. टेकबहादूर मागं उभा.

नरसिंगांनी नाव विचारलं, वय विचारलं. मग विचारलं, "धंदा?"

"मजूरी, साहब," टेकबहादूर म्हणाला.

"रुकिए," मनमाया म्हणाली. आवाज बारीक होता, पण अडखळत नव्हता. तिचं मराठी नवऱ्यापेक्षा चांगलं होतं. कॅरेट भरता भरता ती बायकांकडून शिकली होती. "मी नेपाळात अनमी होते. तुमच्याकडं सिस्टर म्हणतात, ते. शिकून पास झाले, आमच्या गावात बाळंतपणं केली. इकडं आल्यावर विचारलं दोन दवाखान्यांत. म्हणाले, इथं चालत नाही."

बुद्धप्रियानं मान वर केली. हे तिला ठाऊक नव्हतं. एवढ्या चौकशीत कुणीच तिला सांगितलं नव्हतं, आणि तिनंही विचारलं नव्हतं.

"त्या दिवशी पिशवी लावली, तेव्हा मी त्या मुलीला म्हणाले, माझा गट ओ आहे, बघून लाव," मनमाया म्हणाली. "तिनं ऐकलं. ती थांबली. मग साहेब म्हणाले, हिला काय कळतंय. मग तिनं लावली. मला सगळं आठवतं. मी कोर्टात पण सांगणार."

"परत नेपाळला जाणार न्हाई?" नरसिंगांनी विचारलं.

"आधी सांगणार. मग बघू."

नरसिंगांचं पेन कागदावर अडलेलं होतं. त्यांनी बुद्धप्रियाकडं पाहिलं. "काय लिहू मॅडम, मजुरी?"

"मला काय विचारता," बुद्धप्रिया म्हणाली. "त्यांनी सांगितलंय ना."

नरसिंगांनी खाटेकडं मान वळवली आणि पुन्हा विचारलं, या वेळी जरा आदरानं, "धंदा काय लिहू, ताई?"

"नर्स," मनमाया म्हणाली.